सर्जन आणि विसर्जन

कार्याचा आरंभ करणे कठीण असते, असे सामान्यतः मानले जाते. परंतु ज्यांनी काही निर्माण करण्याचा यत्न केला आहे, त्यांचा अनुभव असा की आरंभापेक्षा समाप्ती अधिक कठीण असते. आरंभाच्या वेळी उत्साह सोबतीला असतो, स्नेही मंडळी कौतुक करतात, आणि कार्य अद्याप मनातच असल्याने त्यात दोष दिसत नाही. पुढे कार्य आकारास येऊ लागते, तसतसे मनातील चित्र आणि हातून घडलेली वस्तू यांतील अंतर डोळ्यांत भरू लागते. मग मनुष्य दुरुस्ती करू लागतो. एका दुरुस्तीतून दुसरी निघते, दुसरीतून तिसरी. वर्षे जातात, आणि जे चार महिन्यांत लोकांच्या हाती जावयाचे ते चाळीस वर्षे पेटीत राहते.

असे अनेक गृहस्थ घरोघर आढळतात. कोणी शिक्षक तरुणपणापासून कीर्तनाची आख्याने रचीत असतो. वह्यांवर वह्या भरतात, परंतु एकही आख्यान तो मंदिरात उभा राहून सांगत नाही, कारण 'अजून थोडे राहिले आहे.' कोणी कुळाचा इतिहास लिहीत असतो. कोणी घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांच्या तोंडची गाणी टिपून ठेवतो. कोणी चित्र काढतो आणि शेवटचा हात फिरविण्यासाठी ते भिंतीकडे तोंड करून ठेवून देतो. पुढे एके दिवशी तो मनुष्य या लोकातून जातो. तेराव्यानंतर घरची मंडळी कपाट आवरतात. वह्यांतील अक्षर कोणास लागत नाही, पाने सुटी झालेली असतात, क्रम कळत नाही. आणि पुष्कळदा तो सारा संभार रद्दीच्या तराजूत जातो. एका आयुष्याचे तप असे संपावे, ही लहान हानी नव्हे. म्हणून हा प्रश्न केवळ लेखक-कलावंतांचा नाही. तो धर्माचा प्रश्न आहे. आपल्या हातची कृती पूर्ण म्हणून केव्हा समजावी, आणि ती सोडून देण्यास मन का धजत नाही?

या प्रश्नाचे उत्तर आपल्या भाषेतील एका शब्दात दडलेले आहे. 'सर्जन' आणि 'विसर्जन' हे शब्द व्यवहारात परस्परविरोधी वाटतात. एकात घडविणे, दुसऱ्यात पाण्यात सोडणे. परंतु दोन्ही एकाच 'सृज्' धातूपासून झालेले आहेत, आणि पाणिनीय धातुपाठात या धातूचा अर्थच 'विसर्ग', म्हणजे सोडणे, असा दिला आहे. 'सृष्टी' म्हणजे जी सोडली गेली ती. ज्या संस्कृतीने घडविण्याच्या क्रियेला सोडण्याचे नाव दिले, तिच्या दृष्टीने न सोडलेली निर्मिती ही निर्मितीच नव्हे. ती अद्याप कर्त्याच्या मनाचाच एक भाग आहे.

श्रीमद्भगवद्गीतेच्या आठव्या अध्यायात अर्जुनाने विचारले की कर्म म्हणजे काय. तेथे तिसऱ्या श्लोकात भगवंतांनी दिलेले उत्तर फार सूक्ष्म आहे. भूतांच्या भावाची उत्पत्ती करणारा जो विसर्ग, त्यालाच त्यांनी कर्म ही संज्ञा दिली. आचार्यांनी या विसर्गाचा अर्थ यज्ञात देवतेला उद्देशून केलेला द्रव्यत्याग असा केला आहे. हवी कितीही शुद्ध असो, ती पळीत असेपर्यंत यज्ञ होत नाही. पळी कलती व्हावी लागते. हातातून द्रव्य सुटते त्या क्षणी कर्म घडते. निर्मिती करणाऱ्याने हे वचन हृदयाशी धरावे. कारण त्याचे सारे श्रम त्या एका कलत्या पळीसाठी असतात.

सोडणे म्हणजे काय, याचे एक थोर उदाहरण महाराष्ट्राला वाराणसीत लाभले. शांतिब्रह्म एकनाथमहाराज पैठणचे. त्यांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीचे. भागवताच्या एकादश स्कंधावर मराठीत टीका करण्याचा नाथांनी संकल्प केला. या स्कंधाचे अध्याय एकतीस, आणि त्यांवरील नाथांच्या ओव्या अठरा हजारांहून अधिक. पहिले पाच अध्याय पैठणास गोदातीरी झाले आणि उरलेले काशीत गंगातीरी, असे परंपरा मानते. मधल्या काळात काय घडले, ते संतचरित्रकारांनी मोठ्या रसाने सांगितले आहे. ग्रंथ पुरा झालाच नव्हता, तोच त्याच्या आरंभीच्या अध्यायांची प्रत कोणा यात्रेकरूबरोबर काशीस पोहोचली. गंगेच्या घाटावर ती वाचली जाऊ लागली. देववाणीतील शास्त्र प्राकृतात आणले म्हणून तेथील पंडितमंडळी रुष्ट झाली आणि त्यांनी नाथांना जाब देण्यासाठी बोलावणे पाठविले.

येथे थांबून विचार करावा. ज्याचा ग्रंथ अपुरा आहे आणि अपुऱ्या स्थितीतच ज्याच्यावर आक्षेप आला आहे, असा मनुष्य सामान्यतः काय करील? तो म्हणेल, 'एवढ्यात हे बाहेर जावयास नको होते.' तो उरलेला भाग गुप्त ठेवील, आक्षेपांचा विचार करून पहिले अध्याय पुन्हा लिहावयास घेईल, आणि बहुधा ग्रंथ तेथेच थांबेल. नाथांनी तसे केले नाही. जेथून आक्षेप आला त्याच नगरीत ते गेले, आक्षेप घेणाऱ्यांच्या शेजारी राहिले, आणि तेथेच बसून पुढचे अध्याय लिहून काढले. शेवटी त्याच काशीच्या विद्वानांनी ग्रंथाचा गौरव केला आणि त्याची मिरवणूक काढली, अशी कथा आहे. मिरवणुकीची कथा गोड आहे; परंतु साधकाने तीत रमण्यापेक्षा तिच्या आधीच्या दिवसांकडे पाहावे. निर्णय प्रतिकूल लागण्याचा संभव समोर असताना रोज ओवी पुढे सरकत होती, हे त्या कथेचे मर्म आहे.

ग्रंथ कधी पूर्ण झाला, हे नाथांनी ग्रंथाच्या अखेरीस स्वतःच नोंदवून ठेवले आहे. वाराणसीत, कार्तिक शुद्ध पौर्णिमेस, सोमवारी. वर्ष सांगताना त्यांनी दोन गणना दिल्या आहेत. काशीच्या रीतीने विक्रम संवत् १६३०, वृष संवत्सर. आणि स्वदेशाच्या, म्हणजे गोदातीरच्या, रीतीने शालिवाहन शके १४९५, श्रीमुख संवत्सर. इसवी सनाने ते १५७३ होय. उत्तरेत आणि दक्षिणेत संवत्सरांची नावे निराळी चालत, म्हणून ही दुहेरी नोंद. लहानशी गोष्ट; पण तिच्यातून कर्त्याचे मन कळते. ज्याला कृती स्वतःजवळ ठेवावयाची असते, त्याला तिथी-वार लिहिण्याची गरज भासत नाही. ज्याची कृती आता दुसऱ्याच्या घरी जावयाची आहे, तो मात्र विचार करतो की पैठणच्या वाचकाला काशीचे वर्ष कसे समजणार? समाप्तीच्या क्षणी नाथांची दृष्टी आपल्या श्रमांवर नव्हती, घेणाऱ्यावर होती. त्याआधी शके १४९३ मध्ये, इसवी सन १५७१ च्या रामनवमीला, त्यांनी आपले 'रुक्मिणीस्वयंवर'ही याच नगरीत, मणिकर्णिकेच्या तीरी, पूर्ण केले होते, आणि तेथेही तिथी नोंदविली आहे. माणसे काशीस देह ठेवावयास जातात. नाथांनी तेथे एकामागून एक दोन ग्रंथ पूर्ण करून लोकांच्या हाती सोडले.

योगायोग असा की ज्या कार्तिकात नाथांचा ग्रंथ पुरा झाला, त्याच्या पुढच्याच चैत्रात, संवत् १६३१ च्या रामनवमीस, गोस्वामी तुलसीदासांनी अयोध्येत 'रामचरितमानस' आरंभिला. तोही लोकभाषेतला; त्याचीही समाप्ती काशीत झाली आणि त्यालाही तेथील पंडितांचा विरोध सोसावा लागला, असे परंपरा सांगते. दोघांनीही अनुकूल काळाची वाट पाहिली असती, तर महाराष्ट्रातील आणि उत्तर भारतातील किती घरांच्या संध्याकाळी आज मुक्या राहिल्या असत्या!

आता जी बंधने कृतीला सुटू देत नाहीत, त्यांचा विचार करू.

पहिले बंधन दोषाच्या भीतीचे. मनुष्य म्हणतो, 'कृती निर्दोष झाली की देईन.' हे बोलणे वरून विनयाचे दिसते. परंतु अठराव्या अध्यायाच्या अठ्ठेचाळिसाव्या श्लोकात भगवंतांनी स्पष्ट सांगितले आहे की अग्नी जसा धुराने वेढलेला असतो, तसे सर्वच आरंभ कोणत्या ना कोणत्या दोषाने वेढलेले असतात. म्हणून आपल्या वाट्यास आलेले सहज कर्म सदोष असले तरी टाकू नये. येथे 'काही' आरंभ म्हटलेले नाही. सर्व म्हटले आहे. धूर संपूर्ण नाहीसा होण्याची वाट पाहणारा मनुष्य अखेर विझलेल्या राखेपाशी बसलेला असतो. अग्नीवर स्वयंपाक करणाऱ्या गृहिणीला हे तत्त्व कोणी शिकवावे लागत नाही. डोळ्यांत धूर जातो, ती पदराने डोळे पुसते, फुंकर घालते, आणि वेळ झाली की पाने वाढते. मुले उपाशी ठेवून ती धुराशी वाद घालीत बसत नाही.

आपल्या नित्य पूजेची रचना याच जाणिवेने केलेली आहे. आधी संकल्प, मग उपचार, शेवटी क्षमापन, ज्यात पूजक मंत्र, क्रिया आणि भक्ती यांतील उणेपणा मान्य करून क्षमा मागतो, मग ते कर्म ईश्वरार्पण म्हणून उदक सोडतो, आणि आवाहन केलेल्या देवतेचे विसर्जन करतो. उणेपणा राहिला म्हणून पूजा पुन्हा पहिल्यापासून करावी, असे कोणी म्हणत नाही. उणेपणा राहणारच, हे धरूनच क्षमापनाला पूजेत नित्याचे स्थान दिले आहे. क्षमापन नसते तर कोणाचीच पूजा कधी संपली नसती. ज्याला आपली कृती पूर्ण करता येत नाही, त्याने आपण पूजेतील कोणत्या पायरीवर अडलो आहोत ते पाहावे. बहुधा तो षोडशोपचारांतच फिरत असतो; क्षमा मागण्याइतकी नम्रता त्याच्यात अद्याप आलेली नसते. निर्दोषत्वाचा आग्रह हा पुष्कळदा अहंकाराचाच एक वेष असतो.

दुसरे बंधन लोकनिंदेचे. दुसऱ्या अध्यायातील कर्मयोगाचा जो श्लोक घरोघर पाठ असतो, त्याचा अर्थ सामान्यतः एवढाच घेतला जातो की यशाची हाव धरू नये. परंतु फळ केवळ गोडच असते असे नाही; कडूही असते. स्तुतीची इच्छा ही जशी फलेच्छा, तशी निंदेची भीतीही फलेच्छाच होय. फरक एवढाच की एक पुढे धावते आणि दुसरी मागे खेचते. जो मनुष्य निंदेच्या भयाने कृती झाकून ठेवतो, तो स्वतःला निःस्पृह समजतो. वस्तुतः त्याचे लक्ष अहोरात्र फळावरच असते. त्याच श्लोकाच्या शेवटी भगवंतांनी अकर्माचाही संग नको म्हणून बजावले आहे. फलत्यागाचे निमित्त सांगून मनुष्य अकर्माच्या आश्रयास जाईल, हे त्यांना ठाऊक होते. अर्जुन तरी दुसरे काय करीत होता?

तिसरे बंधन ममतेचे, आणि ते सर्वांत चिवट. जोपर्यंत कृती घरात आहे, तोपर्यंत ती 'माझी' आहे. तिच्यावर रोज थोडे काम करण्यात एक गोड सवय असते. ती गेली की उद्या सकाळी काय करावे, ही पोकळी भेडसावते. या बंधनावरचे औषधही काशीनेच दाखविले आहे.

अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात वाराणसीत नागेशभट्ट काळे नावाचे महाराष्ट्रीय वैयाकरण होऊन गेले. भट्टोजी दीक्षितांचे नातू हरि दीक्षित हे त्यांचे गुरू. व्याकरणशास्त्रात नागेशांचा अधिकार एवढा की आजही पाठशाळेत प्रौढ व्याकरण शिकणाऱ्याला त्यांच्या ग्रंथांवाचून पुढे जाता येत नाही. त्यांना अपत्य नव्हते. त्यांनी आपल्या 'शब्देन्दुशेखर' या ग्रंथाला पुत्र मानले आणि 'मंजूषा' या ग्रंथाला कन्या मानले; आपल्या बुद्धीत त्यांना नीट जन्म देऊन दोघांनाही शिवपार्वतींच्या चरणी अर्पण केले, असे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. निपुत्रिक पुरुषाला आपल्या ग्रंथांविषयी किती माया असेल, याची कल्पना संसारी मनुष्याला सहज करता येईल. आणि तरीही त्याने ग्रंथ पूर्ण होताच त्यांचे काय केले? दान केले. कन्या घरात जन्मते ती घरात ठेवण्यासाठी नव्हे, हे प्रत्येक बापाला ठाऊक असते. निरोपाच्या वेळी त्याचा कंठ दाटतो, परंतु माया आहे म्हणून तो वरात परत पाठवीत नाही.

नागेशांच्या वर्तनातील आणखी एक गोष्ट ध्यानी घेण्यासारखी आहे. 'मंजूषा' त्यांनी एकदाच लिहिली नाही. विस्तृत मंजूषा, लघुमंजूषा आणि परमलघुमंजूषा, अशी तिची तीन रूपे उपलब्ध आहेत. शब्देन्दुशेखराचीही बृहत् आणि लघु अशी दोन रूपे आहेत. विषय तोच, परंतु पुन्हा सांगावेसे वाटले तेव्हा त्यांनी पहिला ग्रंथ अडवून धरला नाही. तो जाऊ दिला आणि दुसरा लिहिला. जो म्हणतो की 'याहून चांगले मला सुचत आहे, म्हणून हे देत नाही', त्याला हे उत्तर आहे. अधिक चांगले सुचत असेल तर ते पुढच्या कृतीचे भांडवल होय. काशीतील विणकर पहिले वस्त्र मागावरून उतरवितो, तेव्हाच दुसरा ताणा चढविता येतो. उतरविलेच नाही तर माग अडतो, आणि विणणाऱ्याचा हातही शिकावयाचा थांबतो.

अर्पण केलेल्या त्या अपत्यांचा पुढे मोठा परिवार झाला. नागेशांचे शिष्य वैद्यनाथ पायगुंडे यांनी त्यांच्या 'परिभाषेन्दुशेखर' या ग्रंथावर 'गदा' नावाची टीका लिहिली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात अध्यापन करणारे जर्मन पंडित कीलहॉर्न यांनी त्याच ग्रंथाची आवृत्ती आणि इंग्रजी भाषांतर १८६८ ते १८७४ या वर्षांत मुंबईहून प्रसिद्ध केले. गंगातीरी शिवार्पण झालेली विद्या समुद्रापार गेली. ही गती तिला कर्त्याने दिली नाही. कर्त्याने फक्त हात सैल केला.

कोणी विचारील, कृती सोडली की ती बिघडणार नाही का? लोक तिची मोडतोड करतील, अर्थ विपरीत लावतील, त्याचे काय? ही शंका खोटी नाही. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, इसवी सन १२९० मध्ये, सिद्ध झाली. पुढे हस्तलिखितांच्या परंपरेत तिच्यात पाठभेद शिरले, अशुद्धे वाढली. परंतु त्यावरचा उपायही ज्यांच्या हाती ग्रंथ गेला त्यांच्यातूनच आला. शके १५०६ मध्ये, इसवी सन १५८४ मध्ये, एकनाथांनी अनेक प्रती ताडून पाहून ज्ञानेश्वरीचे शुद्धीकरण केले. म्हणजे २९४ वर्षांनी एका वाचकाने ग्रंथाची सेवा केली. आपल्या कृतीचे रक्षण आपणच केले पाहिजे, हीही एक ममताच. कृती चांगली असेल तर तिला रक्षक मिळतात. मात्र ती पेटीत असेल तर वाळवीखेरीज तिला कोणीच मिळत नाही.

याच प्रसंगातून दुसरी बाजूही शिकावी, म्हणजे या विचाराचा विपर्यास होणार नाही. सोडून द्यावे याचा अर्थ हातातील काम जसेतसे टाकावे असा नव्हे. एकेक प्रत ताडणारे नाथ घाईचे नव्हते. अठराव्या अध्यायात भगवंतांनी कर्त्याचे तीन प्रकार सांगितले आहेत. राजस कर्ता फळाकडे डोळे लावून असतो. तो फळाच्या ओढीने कच्चे फळ तोडतो आणि बाजारात नेतो. तामस कर्त्याच्या लक्षणांत शेवटचे लक्षण 'दीर्घसूत्री' हे आहे. जे आज वा उद्या करावयाचे ते जो महिन्यानेही करीत नाही, तो दीर्घसूत्री, असे श्रीशंकराचार्यांनी या शब्दाचे विवरण केले आहे. शब्दच बोलका आहे. सूत लांबवीत नेतो, लांबवीत नेतो, आणि गाठ मारीत नाही. विशेष म्हणजे या शब्दाच्या अगदी आधी भगवंतांनी 'विषादी' हा शब्द ठेवला आहे. जो गाठ मारीत नाही, तो सदा खिन्न असतो. आणि जो खिन्न असतो, त्याला गाठ मारवत नाही. रोज चार तास कष्ट करणारा मनुष्यही दीर्घसूत्री असू शकतो, जर ते कष्ट समाप्तीच्या दिशेने जात नसतील. या दोहोंच्या मध्ये सात्त्विक कर्ता उभा आहे. त्याच्या ठिकाणी संग नाही, अहंकार नाही. धैर्य आणि उत्साह आहे. सिद्धी होवो वा न होवो, तो विकार पावत नाही. धैर्य त्याला घाईपासून वाचविते आणि उत्साह त्याला दीर्घसूत्रीपणापासून.

मग कृती पिकली की नाही, हे ओळखावे कसे? कसोटी सोपी आहे. पुढची दुरुस्ती कोणासाठी आहे, हे मनाला विचारावे. ती घेणाऱ्यासाठी असेल, म्हणजे तिच्यावाचून वाचकाला अर्थ कळणार नाही, ऐकणाऱ्याची दिशाभूल होईल, वापरणाऱ्याला इजा होईल, तर ती अवश्य करावी. तेथे आळस करणे पाप आहे. परंतु ती केवळ आपल्याला कोणी उणे बोलू नये म्हणून असेल, तर हात आवरावा. फळ पिकले की देठ आपणच सैल होतो. त्यानंतरही फांदीला बांधून ठेवलेले फळ अधिक गोड होत नाही, ते नासते.

गृहस्थाश्रमी मनुष्याला यासाठी वेगळी साधना करावयाची नाही. आपल्या व्रतांची रीत त्याने कामास लावली म्हणजे पुरे. कोणतेही व्रत संकल्पाने सुरू होते, आणि संकल्पात मर्यादा असते. सोळा सोमवार म्हणजे सोळाच. सतराव्या सोमवारी उद्यापन. पोथीचे पारायण सात दिवसांचे ठरले की सातव्या दिवशी समाप्ती होते आणि प्रसाद वाटला जातो. मध्ये एखाद्या दिवशी मन लागले नाही, वाचनात चुका झाल्या, तरी समाप्ती पुढे ढकलली जात नाही. ज्याने ग्रंथ लिहावयास घेतला, चित्र काढावयास घेतले, नातवासाठी गोधडी शिवावयास घेतली, त्याने आरंभीच ठरवावे की हे कोणाला द्यावयाचे आणि कोणत्या तिथीस द्यावयाचे. नाव ठरले की कृतीला घर मिळते. तिथी ठरली की तिला वाट मिळते. घरातील इतरांनीही याला साहाय्य करावे. कर्त्याचा दोष काढण्यापूर्वी त्याच्या हातून वस्तू आदराने स्वीकारावी. कारण पहिल्या दानाच्या वेळी जो हिरमुसला, तो पुन्हा मूठ उघडण्यास धजत नाही.

लहान दानांचा अभ्यास असावा. ज्याने जन्मात काही सोडले नाही, त्याला एकदम मोठे सोडता येत नाही. एक अभंग रचला तर तो येत्या एकादशीस भजनात म्हणावा. एक आख्यान झाले तर ते शेजारच्या चार माणसांत सांगावे. गंगातीरी कित्येक उपासक पार्थिव शिवलिंग मातीने घडवितात, त्याची पूजा करतात आणि विसर्जन करतात. पुढच्या पूजेला पुन्हा नवी माती. नित्य घडविणे आणि नित्य सोडणे यांचा तो संस्कार आहे. असा संस्कार झालेल्या हाताला मोठ्या कृतीचे विसर्जन जड जात नाही.

एक शंका मात्र उरते. यत्न करूनही कार्य पूर्ण झालेच नाही, आयुष्यच संपले, तर? याचेही उत्तर नाथांच्याच चरित्रात आहे. उतारवयात त्यांनी 'भावार्थरामायण' रचावयास घेतले. युद्धकांडाच्या चव्वेचाळिसाव्या अध्यायापर्यंत ते आले, आणि शके १५२१ च्या फाल्गुन वद्य षष्ठीस पैठणला त्यांनी देह ठेवला. ज्याने एवढे ग्रंथ तिथी-वारासह पूर्ण केले, त्याचाच अखेरचा ग्रंथ अपुरा राहिला. परंतु तो नष्ट झाला नाही. पुढचा भाग गावबा नावाच्या त्यांच्या शिष्याने पूर्ण केला. हा गावबा म्हणजे पुरणपोळीच्या ओढीने नाथांच्या घरी राहिलेला, मंद समजला जाणारा मुलगा, आणि ग्रंथ तोच पुरा करील असे नाथांनी आधीच सांगून ठेवले होते, अशी परंपरा आहे. पूर्ण करणे आपल्या हाती नसेल, पण सोपवून देणे शेवटच्या श्वासापर्यंत आपल्या हाती असते. नाथांनी लेखणी कोणा पंडितापुढे ठेवली नाही. आपल्या पंक्तीला जेवणाऱ्या मुलापुढे ठेवली. ज्यांना वाटते की आपल्यामागे हे काम करण्याच्या योग्यतेचे कोणी नाही, त्यांनी आधी आपल्या घरात, आपल्या पानाशेजारी, पाहावे. परमार्थाच्या मार्गात आरंभाचा नाश होत नाही, हे दुसऱ्या अध्यायातील आश्वासन अशाच रीतीने खरे होत असते.

शेवटी स्वतः गीतेकडेच पाहावे. भगवंतांनी अठरा अध्यायांपर्यंत अर्जुनाला उपदेश केला. सांगणारा सर्वज्ञ, ऐकणारा प्रिय सखा, आणि प्रसंग असा की एका निर्णयावर सारे अवलंबून. असे असताही उपदेशाची समाप्ती करताना, अठराव्या अध्यायाच्या त्रेसष्टाव्या श्लोकात, ते म्हणतात की हे गुह्य ज्ञान तुला सांगितले. याचा पूर्ण विचार कर आणि मग तुला जसे वाटेल तसे कर. त्यानंतर प्रेमापोटी ते आणखी थोडे बोलले, धीर दिला. परंतु निर्णय अर्जुनाकडून हिरावून घेतला नाही. साक्षात् भगवंतांनी आपले शब्द ऐकणाऱ्याच्या स्वाधीन केले, तेथे मनुष्याने आपली चार पाने मुठीत धरून बसावे, हे शोभत नाही.

म्हणून ज्या कोणाच्या घरी एखादी कृती शेवटच्या हाताची वाट पाहत पडली असेल, त्याने येत्या शुभ तिथीस ती बाहेर काढावी. घेणाऱ्याच्या हिताची जी दुरुस्ती उरली असेल ती करावी. राहिलेल्या उणेपणाबद्दल ईश्वराची आणि वाचकाची क्षमा मागावी. शेवटी स्थळ, मिती आणि वार लिहावा, आणि ज्याची ती आहे त्याच्या हाती ती द्यावी. पळीभर उदक तळहातावरून ताम्हनात सुटते, तेवढेच त्याला करावयाचे आहे.